दादाचं जाकीट

गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटावर पांढरे केस, अकरा.

नर्सच्या गणवेशाची कॉलर, चुकून उलटी लागलेली.

चार बोटं. सहा बोटं. एक अख्खी वीत.

जाकीट एक: गळा पावणेसात इंच, बाह्या नाहीत, शेपटीला मोकळीक.

हे सगळं एकाच घरातलं, एकाच आठवड्यातलं.

खालच्या खोलीत धाकटी कपडे शिवायची आणि वरून तिची थोरली बहीण, ताई, तिला शिस्त लावायची. ताई प्रसूतिगृहात बावीस वर्षं नर्स. तिच्यासमोर डॉक्टरसुद्धा जपून खोकत. कापायच्या टेबलाखाली ससा राहायचा. त्याचं नाव दादा, कारण मनाविरुद्ध काही झालं की तो मागचा पाय आपटून खोली दणाणून सोडायचा.

सोमवारी दादाच्या छातीवर टक्कल दिसलं. धाकटीने सवयीने बोटं लावून मोजलं: चार. मंगळवारी सहा. गंमत म्हणजे गळालेले केस कुठे जातात ते कळेना. झाडू मारला की चिमूटभर निघत, बाकीचे गायब. त्या काळजीतच ताईची कॉलर उलटी लागली.

बुधवारी ताईने बघितलं.

"गजकर्ण आहे."

"तो खाजवत तर नाही."

"लाजत असेल. मी दिवसभर तान्ही पोरं हाताळते, धाकटे. घरात असलं चालायचं नाही. वाढलं तर रविवारी रोपवाटिकेतला माणूस येऊन घेऊन जाईल त्याला."

"तिथे दोन कुत्री आहेत."

"होईल ओळख."

मशीनच्या खडखडाटात पाच वर्षं तिची बडबड निमूट ऐकणारा घरात तो एकच. पण उसवलेलं झाकणं हा तर तिचा धंदाच. लहान मुलीच्या कोटातून उरलेलं खोट्या फरचं पांढरं कापड तिने काढलं, दादाच्या मापाचं जाकीट बेतलं आणि घातलं. गुरुवारी ताईने जिन्यावरूनच डोकावून पाहिलं.

"भरतंय वाटतं."

"हळूहळू," धाकटी दोऱ्याकडे बघत म्हणाली.

शुक्रवारी जाकिटालाही टक्कल पडलं. छातीपाशी नुसतं अस्तर राहिलं होतं, आणि अस्तराखालचं माप वीतभर गेलं होतं.

शनिवारी जनावरांचा डॉक्टर नव्या पँटच्या ट्रायलला आला. धाकटीने त्याला स्टुलावर उभं केलं, दोन्ही पायांना टाचण्या लावल्या आणि मग ससा त्याच्या हातात ठेवला.

"अहो, मी पँटसाठी आलोय."

"पँट कुठे पळून चाललीये? हलू नका, टोचेल."

डॉक्टर हलणार कसा. त्याने जाकीट सोडवलं, केसांवर फुंकर मारली.

"कातडी स्वच्छ आहे. हे गजकर्ण नाही. केस उपटलेत."

"कुणी?"

"यानेच." त्याने सशाला उलटं केलं. पाहिलं. पुन्हा पाहिलं. "नाव काय म्हणालात याचं?"

"दादा."

"हा दादा नाही. ही ताई आहे."

"काय काम आहे?" जिन्यावरून ताई म्हणाली.

"तुम्हाला नाही हो," डॉक्टर म्हणाला. "इथे एखादी अंधारी जागा आहे का, हिला आवडणारी?"

टेबलाखाली चिंध्यांचं खोकं होतं. धाकटीने वरच्या चिंध्या बाजूला केल्या. आत वाडग्यासारखं घरटं: खाली गवत, त्यावर जाकिटाची फर, आणि सगळ्यात वर दादाचे स्वतःचे केस, मऊ, ऊबदार.

"पिल्लं नाहीत आणि होणारही नाहीत," डॉक्टर म्हणाला. "कधीकधी शरीरालाच वाटतं, आपल्याला दिवस गेलेत. मग घरट्यासाठी छातीचे केस काढतात. आठवडाभर खोकं हलवू नका. केस येतील परत."

ताई खाली आली. तिने हात धुतले, पुसले, आणि खोक्यात वाकून पाहिलं. मग रोपवाटिकेत फोन लावला.

"उद्या येऊ नका."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"बाळंतिणीला हलवत नाहीत."

"पण ताई, पिल्लं नाहीत तिला," धाकटी हळूच म्हणाली.

"तू मापं घे. माझ्या खात्यातलं मला शिकवू नकोस."

"माझ्या टाचण्या काढाल का कुणी?" डॉक्टर स्टुलावरून म्हणाला.

पाच वर्षांपूर्वी दुकानात सशाला उलटं धरून, नीट निरखून, "मुलगाच आहे" असं ताईनेच सांगितलं होतं.