वरच्या वाटेवरच्या लगोऱ्या

मेट्रनने बुटाच्या टोकाने लगोरीला ढोसलं, तरी ती पडली नाही. वरचा दगड जरासा हलला, एवढंच. मग तिने कचऱ्याची पिशवी खाली ठेवली, पाय मागे घेतला आणि अशी लाथ हाणली की सगळे दगड कातळावरून घरंगळत गेले.

"चिवट मेले," ती पुटपुटली, आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून उगाच मागे वळून पाहिलं.

ऐकायला होतं कोण! सोमवारी राष्ट्रीय उद्यान पाहुण्यांसाठी बंद असायचं आणि आत फक्त स्वयंसेवक असायचे. कोणी कुंपण नीट करायचं, कोणी फलक रंगवायचे. मेट्रनकडे वरच्या वाटेचा कचरा आणि या लगोऱ्या होत्या. पाहुणे गंमत म्हणून दगडावर दगड रचून ठेवायचे, फोटो काढायचे आणि निघून जायचे. मागून येणाऱ्याला वाटायचं, ही वाटेची खूण. अशाच एका लगोरीच्या मागे मागे जाऊन गेल्या वर्षी एक माणूस सरळ कड्यावरून गेला होता. तेव्हापासून तिथे दोरी बांधली होती आणि दिसेल ती लगोरी मोडायची असा नियम झाला होता.

नियम म्हटला की मेट्रनला बरं वाटायचं. सारा जन्म इस्पितळात गेला, मेट्रन म्हणून नर्सवर देखरेख करण्यात. चादरीला सुरकुती दिसली तर शिकाऊ नर्सची खैर नसे. नोकरी संपली, तरी ते नाव काही निवृत्त व्हायला तयार नव्हतं. उद्यानात पहिल्याच दिवशी रेंजर तिला मेट्रन म्हणाला आणि तेच रूढ झालं.

पाहुण्यांच्या लगोऱ्या नुसत्या धक्क्याने पडत. पण गेले काही आठवडे मधूनमधून या चिवट लगोऱ्या भेटायला लागल्या होत्या. वाटेला फाटा फुटला की तिथे एक. वाकून बघायचा मेट्रनला कंटाळा होता. गुडघा कुरकुरायचा, आणि लाथेने जे काम होतं त्यासाठी वाकायचं कशाला? आज तर लाकडी पुलापर्यंत एकही फाटा रिकामा नव्हता. रविवारच्या मंडळींना मनातल्या मनात चार शब्द सुनावून तिने सगळ्या जमीनदोस्त केल्या. पुलाच्या पलीकडे तिची हद्द संपत होती. दरीतून धुकं वर यायला लागलं होतं, तेव्हा ती समाधानाने परत फिरली.

पुलाच्याही पुढे, कड्याच्या अलीकडे, एक बाक होता. त्याची फळी निखळली होती. ती बसवायला तिचे यजमान सकाळीच हत्यारांची पिशवी घेऊन पुढे गेले होते.

यजमानांना इथे सगळे पाचरकाका म्हणायचे. फर्निचरचा कारखाना चालवलेला माणूस. डुगडुगणारी वस्तू दिसली की त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. स्वयंसेवकांच्या खोलीतलं टेबल हलतंय म्हटल्यावर त्यांनी खिशातून लाकडाची पाचर काढून पायाखाली सारली होती. खिशात पाचरी कायमच्या, दुसऱ्यांच्या खिशात सुपारी असावी तशा. लग्नाच्या वेळी सासरच्या पाटाखालीसुद्धा यांनी पाचर घातली होती, असं मेट्रन सांगायची. ते खोटं होतं, पण सगळे हसायचे आणि तेही हसायचे.

हल्ली ते जरा उशिरा हसायचे. आधी सगळ्यांच्या तोंडाकडे बघून घ्यायचे.

मेट्रनला हे दिसत नव्हतं असं नाही. दुधाचं भांडं कपाटात, किल्ल्या फ्रिजमध्ये. कोपऱ्यावरच्या दुकानातून यायला त्यांना तास लागायचा. वॉर्डात एखाद्या पेशंटचं असं काही कानावर आलं असतं तर तिने त्याच दिवशी डॉक्टरांना गाठलं असतं. घरात मात्र ती "विसरभोळे झालेत" म्हणायची आणि विषय बदलायची. मोकळ्या हवेत, चार माणसांत राहिले की बरे होतील, म्हणून तिनेच त्यांना इथे आणलं. रेंजरला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना वरच्या वाटेवर एकटं सोडलं नसतं, आणि मग त्यांच्या डोळ्यांतला अपमान तिला बघवला नसता.

मागच्या सोमवारीही ते वरून उशिरा आले होते. हात खरचटलेले. "जरा भटकलो," एवढंच म्हणाले. रात्री जेवताना मध्येच थांबले.

"अगं, ते दगड रचलेले असतात ना वाटेवर, ते कोण पाडतं?"

"आम्हीच पाडतो. पाडायलाच हवेत."

"राहिले तर काय बिघडतं?"

मग मेट्रनने त्यांना सगळं ऐकवलं. खोट्या खुणा, तो कड्यावरून गेलेला माणूस, दगडांखालचे किडे उघडे पडतात ते. त्यांनी लहान मुलासारखं ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले आणि ताटातला घास कितीतरी वेळ तसाच कालवत बसले.

खोलीवर मेट्रन पोहोचली तेव्हा बाकीचे निघून गेले होते. रेंजर वायरलेस चार्जिंगला लावत होता. पोरगेलाच होता, पण कामाला चोख.

"काका कुठायत?" त्याने विचारलं.

"आले नाहीत अजून?"

"मला वाटलं, तुमच्याबरोबर येतील."

मेट्रनने खुंट्यांकडे पाहिलं. वर जाताना प्रत्येकाने गळ्यात शिट्टी अडकवायची असा नियम होता. यजमानांची शिट्टी खुंटीवर लटकत होती.

"त्यांना वाट माहितीये ना, मेट्रन?"

"डोळे मिटून येतील," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं ते. मग ती खुर्चीवर टेकली आणि पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं, "नाही. खरं म्हणजे मला माहीत नाही. हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही."

रेंजरने जीपची किल्ली उचलली. रागावण्याएवढा वेळ नव्हता.

"मी जीपने मागच्या रस्त्याने बाकापर्यंत जातो. तुम्ही पायवाटेने पुलापर्यंत या. वायरलेस चालू ठेवा. आणि दोरीच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, काहीही झालं तरी."

धुकं आता इतकं दाटलं होतं की टॉर्चचा उजेड चार हातांवर थिजत होता. मेट्रन सवयीने भराभर निघाली. पहिल्या फाट्यावर तिने स्वतःच विखुरलेले दगड पायाला लागले. तिने टॉर्च खाली धरला. काळ्या दगडांत काहीतरी पांढुरकं होतं.

गुडघ्याची पर्वा न करता ती वाकली. बोटभर लाकूड, रंधा मारून गुळगुळीत केलेलं, एका बाजूला निमुळतं.

तिने ते मुठीत धरलं आणि जवळजवळ पळतच पुढचा फाटा गाठला. तिथेही दगडांत तसलीच पाचर होती. त्याच्या पुढच्या फाट्यावर तिने बघितलंच नाही. बघायची गरज उरली नव्हती. परत येता यावं म्हणून तो माणूस प्रत्येक वळणावर थांबून, डुगडुगू नये म्हणून पाचर मारून, दगड रचत गेला होता. आणि ती त्याच्या मागोमाग, डोळ्यांत तेल घालून, एकेक पाडत आली होती. जेवताना त्याने विचारलंही होतं. तिने त्याला किड्यांबद्दल सांगितलं होतं.

वायरलेस खरखरला.

"मेट्रन, बाकाशी आहे मी. फळी बसवलीये, मस्त बसवलीये. पिशवी इथेच आहे. काका नाहीत."

"बरं," ती म्हणाली.

पूल ओलांडल्यावर वाटेची खूण म्हणून नुसता कातळ होता आणि मध्येच पिवळा रंग, तोही पुसट झालेला. उजवीकडे बाक, डावीकडे दोरी. तिने खाली बसून दगड गोळा केले आणि एकावर एक ठेवायला लागली. तिसरा दगड ठेवला की सगळं कोसळायचं. शेवटी तिने मुठीतली पाचर खालच्या दगडाशी सारली, तेव्हा कुठे ते उभं राहिलं. या धुक्यात ते कोणाला दिसणार होतं? ती उठली आणि दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडली. आयुष्यात तिने त्यांना नावाने हाक मारली नव्हती. ती एकच हाक तिला येत होती.

"अहो!"

कड्यावरून प्रतिध्वनी आला.

"अहो..."

रेंजरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हा कडा आवाज परत करतो. ती पुन्हा ओरडली. पुन्हा तेच परत आलं, जरा खोल, जरा घोगरं. तिसऱ्यांदा ओरडायला तिने तोंड उघडलं, आणि त्याआधीच पलीकडून आलं.

"अहो! कोण आहे तिकडे?"

मेट्रनने टॉर्च वळवला. आवाज डावीकडून येत होता, दोरीच्या पलीकडून, आणि तिच्या पायांपेक्षा खालून. लग्न झाल्यापासून त्या आवाजाने तिला 'अगं' म्हटलं होतं. रागावला तरी अगं, आजारी पडला तरी अगं.

"आहात तिथेच बसा!" ती ओरडली. "उठू नका! खाली बसा आधी!"

"बसलोच आहे." मग त्याच समजूतदार आवाजात, अनोळखी माणसाशी बोलावं तसं, "जरा वाट सांगता का? मी दगड लावत आलो होतो हो. पुलापर्यंत परत गेलो, तर कोणीतरी पाडलेत."

मेट्रनने वायरलेस तोंडाशी धरला, रेंजरला दोरीच्या डाव्या टोकाशी यायला सांगितलं आणि वायरलेस खिशात टाकला. थांबायचं हे तिला कळत होतं. पण पलीकडे कातळावर खडे निसटल्याचा आवाज झाला.

"तुम्ही कोण?" आवाजाने विचारलं.

तिने दोरी वर उचलली.

"मी," ती म्हणाली. "मी स्वयंसेवक आहे. तुम्हाला न्यायला आलेय."

"बरं झालं बाई, आलात. घरी मंडळी वाट बघत असेल माझी. फार शिस्तीची आहे."

मेट्रन दोरीखालून वाकून पलीकडे गेली. चवड्याने चाचपत, एकेक पाऊल टाकत. टॉर्चच्या उजेडात पायाशी एक लगोरी आली, सरळ, न डुगडुगता उभी. तिला वळसा घालून ती पुढे गेली.