विसाव्याला ठेवलेला सर्व्हर

खंडेनवमीच्या दुपारी रोहण्याच्या सहकारी जिनिंगमधली सारी यंत्रे निजली होती. हंगामभर कापूस ओरबाडणारे रोलर झेंडूच्या माळा घालून नवरदेवासारखे अवघडले होते. वजनकाट्याच्या लोखंडी पाटावर कुंकवाची बोटे उमटली होती. अख्ख्या आवारात जागे होते एकच यंत्र, कार्यालयाच्या कोपऱ्यातला मोहिनीचा काळा डबा.

त्या डब्यात तिने स्वतः लिनक्स घातले होते आणि त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर उभा केला होता. फाटक, काटा आणि प्रतवारी या तिन्ही ठिकाणच्या संगणकांनी एकाच जागी लिहावे, एकाच जागचे वाचावे, एवढीच तिची मनीषा. पण नवा सर्व्हर स्वभावाने घरकोंबडा असतो. स्वतःच्या घरातली हाक तेवढी ऐकतो. बाहेरच्या हाकेला त्याने ओ द्यावी म्हणून तिने त्याच्या कॉन्फिगरेशनच्या ओळी एकेक करून बदलल्या. कोणाला कोणत्या परवलीवर आत घ्यायचे ते लिहिले, फायरवॉलच्या भिंतीत नेमकी एक खिडकी उघडली. आता जुन्या सभासदांची माहिती एकेका गावाने आत चढत होती. शेवटचे आणि सर्वांत मोठे गाव रोहणा.

दसऱ्याच्या मुहूर्ताची पहिली गाडी या सर्व्हरवर नोंदली गेली तर तो राहणार होता. नाही तर नागपूरच्या एका कंपनीचा तयार प्रोग्राम येणार आणि मोहिनी पुन्हा पावत्या टाईप करायला बसणार, असे सचिव देवेंद्र यांनी तिला स्वच्छ सांगितले होते.

प्रसाद घेऊन ती परतली तेव्हा खोलीत काहीतरी कमी होते. पंख्याची ती बारीक घरघर. डब्याच्या माथ्यावर हळदकुंकू, त्यावर अक्षता, आणि प्लग काढून त्याची वायर नीट वेटोळे करून शेजारी ठेवलेली.

"काका, हा कोणं बंद केला?"

काटेवाले रूपराव हातातले ताम्हण सावरत वळले. "मीच. साऱ्याइले विसावा देल्ला, अन हा एकटाच फुरफुर करून राह्यलता. पाप लागते ना वं."

"अजी, त्याच्यात रोहण्याची नावं चढून राह्यली होती."

"मंग उद्या चढव. नावं काय पळून चालली?"

तिने प्लगकडे हात नेला. रूपरावांनी डब्यावर तळवा ठेवला. "पुजलेल्या हत्याराले आज हात नाई लावत. म्या काट्याले लावला नाई. तुह्या डब्याले येगळा कायदा हाये का?"

देवेंद्र दारात येऊन उभे होते. "झालं. उद्या मुहूर्ताले सारं गाव हसते आपल्याले. मी नागपूरले फोन लावून ठेवतो."

मोहिनीचा हात हवेतच थांबला. हट्ट केला असता तर सचिवांनी प्लग लावू दिलाही असता. पण उद्यापासून या सर्व्हरशी बोलणार होती ती याच माणसांची बोटे. नवमी मोडून तो जागा झाला, तर पुढे यंत्राच्या तुटलेल्या प्रत्येक पट्ट्याचे खापर त्याच्याच माथी फुटले असते. तिने हात मागे घेतला.

"उद्या काकाइच्या पूजेनंतर मीच चालू करीन. तवर फोन नका करू, साहेब."

आवाज स्थिर होता. खात्री मात्र अर्धीच होती. असा सर्व्हर काही करण्याआधी आपण काय करणार ते आपल्या रोजनिशीत उतरवून ठेवतो आणि मगच करतो, हे ती वाचून होती. प्रत्येक गाव तिने एका व्यवहारात बांधले होते: आले तर सगळे, नाही तर काहीच नाही. पण चालता सर्व्हर मध्येच कोसळल्यावर उठतो कसा, हे तिने कधी पाहिले नव्हते. पोहण्याचे पुस्तक पाठ असलेल्या माणसाला कोणी विहिरीत लोटावे, तशी तिची रात्र गेली.

सकाळी फाटकाबाहेर कापसाचे ट्रॅक्टर लागले होते. रूपरावांनी डब्यापुढे उदबत्ती ओवाळली. मोहिनीने प्लग लावला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे झरू लागली.

देवेंद्र तिच्या खांद्यामागून वाचत होते. "नीट बंद केला नाई म्हणते. तक्रार करून राह्यला हा."

"तक्रार नाई, साहेब. आठवून राह्यला."

अक्षरे थांबली. एक क्षण नुसता रिकामा, कापूस वेचून झालेल्या शेतासारखा. मग शेवटची ओळ आली: तयार आहे.

तिने गावे तपासली. एकेक गाव आपल्या साऱ्या माणसांनिशी जागच्या जागी होते. रोहण्यापुढे मात्र शून्य.

"रोहणाच गायब," देवेंद्र पुटपुटले.

मोहिनी हसली. अर्धा रोहणा उरला असता तर कोण आत आणि कोण बाहेर हे शोधता शोधता मुहूर्त टळला असता. हे शून्य निर्मळ होते. नांगरून, वखरून पेरणीला तयार. "काका, पहिल्या गाडीवाल्याले जरा बोलत ठेवा."

"त्याची काळजी नोको करू," रूपराव म्हणाले. "महादेवराव हाये तिथं. जावयाचं नाव काढलं का थांबतच नाई तो."

तिने आज्ञा पुन्हा दिली. रोहणा सगळाच्या सगळा आत गेला, आणि व्यवहारावर कायमची मोहोर उमटली.

फाटकावर गाड्या नोंदणाऱ्या काजलने महादेवरावांचे नाव टाकले. ट्रॅक्टर अजून वळणही घेत नव्हता, तोच काट्याच्या पडद्यावर ते नाव येऊन उभे राहिले. रूपराव पडद्याकडे पाहत राहिले, मग ट्रॅक्टरकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "अबे, तू मागून ये," त्यांनी ट्रॅक्टरवरच्या महादेवरावांना सांगितले. "तुह्यं नाव केव्हाचं बसलं इथं."

वजन पडले. प्रतवारीच्या खिडकीत तोच आकडा उमटला. मोहिनीच्या छातीत काहीतरी उंच, पांढरे, हलके उधळले गेले.

देवेंद्रांचा फोन वाजला. नागपूरच्या कंपनीचा होता. म्हणजे साहेबांनी काल लावलाच होता. त्यांनी एकवार तिच्याकडे पाहिले, जरा ओशाळले.

"नाई जी, नोको येऊ," ते फोनमध्ये म्हणाले. "आमच्या मोहिनीताईनं आमचाच उभा केला. चालून राह्यला मस्त."

मोहिनीने ते ऐकले, आणि दुसऱ्या गाडीला आत सोडायची खूण केली.