कोठीतलं गाणं

“अवो, पडसान ना आत! काय शोधून राह्यले?”

सोजराबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. गव्हाच्या पत्र्याच्या कोठीत उकंडरावांचं डोकं आणि दोन्ही हात, बाकीचा देह बाहेर स्टुलावर. मेहकर आगारात एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला हे शोभतं का? पण शोभेची फिकीर करायला आता वेळ होता कुठं!

“गानं भरून राह्यलो फोनात,” ते आतूनच म्हणाले. “रिकाम्या कोठीत आवाज गोल फिरते.”

“कोनतं गानं?”

“हाये एक. जाय वं तू!”

सोमवारी अकोल्याला गळ्याचं ऑपरेशन होतं. गाठ वाईट निघाली होती. जीव वाचेल, पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. “पुढं सरका, पुढं सरका” करत ज्यानं जन्मभर गाड्या भरल्या, तो आवाज चार दिवसांचा पाहुणा होता. दोघांचं रडून झालं होतं, आणि मग उकंडरावांना हे खूळ सुचलं.

गाणं त्यांचं स्वतःचं. बीबी गावच्या रस्त्यावर, दुपारच्या रिकाम्या फेरीत तिकिटांच्या पेटीवर बोटांनी ताल धरत जुळवलेलं. मनात शेकडो वेळा म्हटलेलं, तोंडानं एकदाही नाही. कारण त्यात बायकोचं नाव होतं. लग्नातल्या उखाण्यातही ते नुसतं पुटपुटले होते. पुढं चाळीस वर्षं “अवं”, “आयकलं काय”, आणि लेक झाल्यावर “समीक्षाची माय”. नाव घ्यायचं म्हटलं की या वयातही त्यांचे कान तापायचे. आता बोला!

कोठीत कडुलिंबाच्या सुकल्या पाल्याचा वास होता. डोळे मिटले की कोठीची गाडी व्हायची. खिडक्या उघड्या, बाहेर ज्वारी डुलते आहे, पुढच्या बाकावर नवी नवरी बसली आहे आणि तिच्या केसांतली अबोली वाऱ्यानं हलते आहे. पत्र्याला लागून परत आलेला आवाज पंचविशीतला वाटायचा. गाणं नावापाशी आलं की मात्र ते अडखळायचे आणि फोन बंद करायचे. शुक्रवार असाच गेला.

शनिवारी वर्षाचे गहू आले. सोजराबाईंनी पोती बाहेर वसरीतच उतरवून घेतली.

“कोठीत भरतो ना,” उकंडराव खालमानेनं म्हणाले.

“राहू द्या. उंदीर खातीन तं खातीन. तुमचं होऊ द्या आंधी.”

रविवारी दुपारी ते कोठीतून बाहेर आले तेव्हा घामानं निथळत होते आणि लहान पोरासारखे हसत होते.

महिन्यानं घरी आले ते गळ्याला जाळीचा रुमाल बांधून. पोती अजून वसरीतच होती. चहा झाल्यावर त्यांनी फोन चालू केला, सुतळीला बांधून कोठीत सोडला आणि टाळी वाजवून बायकोला बोलावलं.

“सोजरा वं, खिडकीपाशी बैस... वारा तुह्या नावाचा...”

सोजराबाई जागीच थबकल्या. पदर डोक्यावर घेतला, पुन्हा खाली घेतला. गाणं संपलं. मग त्या स्टुलावर चढल्या, कोठीत वाकल्या आणि हलकेच म्हणाल्या,

“ओ.”

कोठीतून तो ओ परत आला. त्या पडू नयेत म्हणून उकंडरावांनी दोन्ही हातांनी स्टूल धरून ठेवलं.