वहीतल्या भिंती

पेन्सिलने चिकटपट्टी दातांनी तोडली, शेवटचा कागद फळ्याच्या तळाशी लावला आणि अंगठ्याने त्याचे चारही कोपरे दाबले. बारा खेळाडू, बारा कागद. सगळ्यात चांगली वर, सगळ्यात वाईट खाली. मोसमातले पहिले दहा सामने झाले की कपडे बदलायच्या खोलीतला हा फळा असा भरायचा, ही प्रशिक्षक मॅडमची शिस्त होती. दहांपैकी संघ तीन सामने जिंकला होता, सात हरला होता आणि दहा बास्केटबॉल संघांच्या यादीत नववा होता. दहावा संघ निम्मा आजारी होता, त्यामुळे नववं असण्यात फारशी इभ्रत नव्हती.

पेन्सिल हे तिचं नाव नव्हे. कानामागे कायम पेन्सिल असायची म्हणून पडलेलं. मैदानाच्या कडेला मॅडमच्या शेजारी बसून कोणी कुठून चेंडू टाकला, गेला की हुकला, हे ती गोल आणि फुलीने टिपायची. त्याआधी नऊ वर्षं ती याच संघातून खेळली होती, पण नव्या मुलींना ते सांगावं लागायचं आणि ती सांगत नसे.

सकाळच्या सरावाला मुली येऊ लागल्या. बिजली सगळ्यात वर होती. संघाचे निम्मे गुण तिचेच असायचे. तिने आपला कागद नीट न्याहाळला.

"नवव्या संघात पहिली," ती म्हणाली. "आंधळ्यांच्या गावात राणी झाले."

सगळ्यात शेवटी खांब आली. उंच, रुंद खांद्यांची, दारातून येताना सवयीने मान वाकवणारी. ती पेन्सिलच्या धाकट्या भावाची बायको. म्हणजे कागदोपत्री अजूनही बायको. दीड वर्षापूर्वी भावाने विचारलं, घर की खेळ, आणि तिने बॅग भरली. तेव्हापासून ती क्लबने दिलेल्या खोलीत राहायची. नणंद-भावजय रोज एका छपराखाली यायच्या आणि एकमेकींना पाण्यात पाहायच्या.

खांबने कागद वरून खाली वाचत आणले. तिला वाकावं लागलं.

"वन्सं, तळाला चिकटवलंत मला."

"आकडे चिकटवते मी. माणसं नाही."

"आकड्यांना दात नसतात. चिकटपट्टीवर तुमच्या दातांच्या खुणा आहेत."

"सामन्याला तीन गुण," पेन्सिल म्हणाली. "याहून वर लावायचं तर शिडी आणावी लागेल."

कोणीतरी फिसकन हसलं. खांब हसली नाही. ती बाकावर बसून बुटांच्या नाड्या आवळत राहिली, गरजेपेक्षा जास्त. दहा सामन्यांनंतर एका खेळाडूला करारातून मोकळं करायचा हक्क क्लबला होता. करार गेला की खोलीही जायची. बैठक चार वाजता होती, आणि तळाचा कागद कोणाचा हे आता सगळ्यांनी पाहिलं होतं.

दुपारी भावाचा फोन आला. पेन्सिल रिकाम्या प्रेक्षक-पायऱ्यांवर डबा उघडून बसली होती.

"ताई, दहा झाले ना?"

"झाले."

"काढतायत तिला?"

"चारला कळेल."

"तू मध्ये पडू नकोस, एवढंच म्हणणं आहे. तोंडाला कुलूप लाव. चार दिवस फुगून बसेल, मग येईल. जाणार कुठे?"

आई गेल्यावर पेन्सिलनेच त्याला वाढवला होता. तो हट्टाला पेटला की जेवत नसे आणि ती त्याच्या मागे ताट घेऊन फिरायची. ते फिरणं तिच्या अजून अंगात होतं.

"बघते," ती म्हणाली.

"बघायचं काय त्यात? गप्प तर बसायचंय."

गप्प बसणं तिला नवीन नव्हतं. गेले दहा सामने ती तेच करत होती. तिच्या तक्त्यांखाली एक निळी वही असायची आणि त्या वहीत उभ्या रेघा. कोणी विचारलं तर ती म्हणायची, उगाच, हाताला चाळा. त्या रेघा म्हणजे भिंती होत्या. सोबतीण चेंडू घेऊन धावत येते, तिच्या मागे प्रतिस्पर्धी लागलेली असते. तेव्हा त्या प्रतिस्पर्धिणीच्या वाटेत पाय रोवून उभं राहायचं. ती तुमच्या छातीवर आदळते, अडते, आणि सोबतिणीला टोपलीपुढे मोकळी जागा मिळते. टाळ्या सोबतिणीला, काळंनिळं अंग तुम्हाला. हे काम खांब करायची, त्याआधी नऊ वर्षं पेन्सिल करायची, आणि मॅडमच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

खांबला ते शिकवलं होतं पेन्सिलनेच. लग्न होऊन आलेल्या त्या ताडमाड मुलीला घरामागच्या मोकळ्या जागेत उभं करून ती स्वतः तिच्यावर जाऊन आदळायची. तिनेच तिला संघात आणलं. मग पाच वर्षांपूर्वी याच फळ्यावर पेन्सिलचा कागद तळाला लागला. "हिच्या नावावर आहे काय?" असं मॅडम म्हणाल्या, हातात पेन्सिल आली, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर खांब उभी राहिली. तिने नाही म्हटलं नाही. साधं वाईटही वाटून घेतलं नाही, निदान दिसेल असं. भावाचं घर मोडल्याचा राग नंतरचा. हा त्याच्या आधीचा, आणि जास्त मुरलेला.

चार वाजता बैठकीत तिघंच होती. मॅडम, मॅनेजर आणि तक्ते घेऊन पेन्सिल. मॅडमच्या गळ्यात शिट्टी होती. ती त्या बैठकीलाही काढत नसत. मॅनेजर दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होते.

"पहिल्या अकरांत हात घालायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "राहता राहिली खांब."

"सामन्याला तीन गुण," मॅनेजर वाचत म्हणाले. "पगार तर तिघींएवढा वाटतो."

"चेंडू हातात आला की चटका बसल्यासारखा टाकून देते. मोक्याच्या वेळी मला तिला बसवावंच लागतं." मॅडमनी कागद टेबलावर सरकवला. "हिच्या नावावर आहे काय?"

खोली तीच होती. टेबलही तेच. पाच वर्षांपूर्वी पेन्सिल दाराबाहेर उभी होती आणि हेच वाक्य तिने दाराच्या फटीतून ऐकलं होतं. पेन्सिलने तो कागद उचलला नाही. तिने निळी वही काढून त्यावर ठेवली.

"भिंती आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"बिजलीने दहा सामन्यांत ब्याण्णव बास्केट केले. त्यातले अठ्ठावन्न खांबच्या आडून. आपण तीन जिंकलो, त्या तिन्हींत शेवटची दहा मिनिटं खांब आत होती. सात हरलो, त्यातल्या सहांत ती तेव्हा बाकावर होती."

मॅडमनी वही ओढून घेतली. एकेका सामन्याचं पान त्या उलटत गेल्या, मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. मॅनेजर घड्याळ बघायचं विसरले.

"हे केव्हापासून लिहितेस?"

"पहिल्या सामन्यापासून."

"आणि मला दहाव्यानंतर दाखवतेस."

"मोसमाआधी म्हणाले होते मी. तुम्ही म्हणालात, मला गुण हवेत, गवंडीकाम नको."

"म्हणाले असेन. तू एकदा सांगितलंस. बिजलीचे बूट चुकीच्या मापाचे आले तेव्हा तू चार दिवस माझं डोकं खाल्लं होतंस."

चौथा सामना एका गुणाने गेला होता. शेवटच्या मिनिटाला बिजली दोघींच्या कचाट्यात सापडली, खांब बाकावर बसून गुडघ्यांवर मुठी आपटत होती, आणि टेबलाशी बसलेल्या पेन्सिलला, संघ हरत असताना, पोटातून बरं वाटलं होतं. मॅडमनी एकदा झिडकारलं हे तिला फार सोयीचं पडलं होतं.

"खांब राहील," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून पहिल्या पाचांत. आणि तू माझ्या शेजारी बसायचं नाहीस. वर प्रेक्षकांत बस, तिथून लिही. पोटात एक आणि वहीत एक असलेलं माणूस मला शेजारी नको."

"बरं," पेन्सिल म्हणाली.

खांब बाहेरच्या अरुंद वाटेत बाकावर बसली होती. पायाशी भरलेली बॅग होती.

"किल्ली कोणाकडे द्यायची?" तिने विचारलं.

"कोणाकडे नाही. राहिलीस तू."

खांबने मान वर केली. चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. कोणी फुकट काही दिलं की माणूस जसं उलटसुलट करून बघतं, तशी ती बघत होती.

"कोणी केलं?"

"भिंती दाखवल्या मी."

"दया आली?"

"दया कसली. मोजल्या होत्या, दाखवल्या."

"बघू."

पेन्सिलने वही दिली. खांबने पानं उलटली, प्रत्येक पानावर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत मोजलं. तिला घाई नव्हती. मध्येच पेन्सिलचा फोन वाजला. भाऊ होता. तिने तिथेच उभ्या उभ्या उचलला.

"नाही काढलं," ती म्हणाली. "हो. मीच बोलले."

पलीकडून फोन ठेवला गेला. आता तो किती महिने बोलणार नाही याचा अंदाज तिला होता. खांबने सगळं ऐकलं होतं, पण बोट पानावरच ठेवलं.

"पंच्याण्णव लिहिल्यात," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"सत्त्याण्णव आहेत. चौथ्या सामन्यातल्या दोन खाल्ल्यात तुम्ही."

पेन्सिलचे कान तापले. त्या दोन रेघा तिने न ओढता सोडल्या होत्या, आणि हे जगात कोणाला कळेल असं तिला वाटलं नव्हतं.

"तुला कसं ठाऊक?"

"मोजते मी. बाकावर बसायची वेळ आली तर जांभया देऊ नकोस, भिंती मोज. तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले असेन."

"तेव्हापासून मोजते, माझ्या वहीत." खांबने निळी वही मिटून तिच्यापुढे धरली. "तुमच्या शेवटच्या मोसमात मी दहाही सामने बाकावर होते. एकशे चार होत्या तुमच्या."

वही दोघींच्या हातांत होती. पेन्सिलने ती ओढली नाही.

"एकशे चार," ती म्हणाली.

"तुमच्या वेळच्या बैठकीआधी मॅडमनी मला बोलावलं होतं. तुमच्याकडून काय काय शिकले, हे विचारायला. मी म्हटलं, विशेष काही नाही."

"का?"

"जागा एकच होती, वन्सं."

मैदानावरून मॅडमची शिट्टी ऐकू आली, मग बुटांचे आवाज. पेन्सिल खाली बसली, बाकाच्या दुसऱ्या टोकाला. तिने कानामागची पेन्सिल काढली, चौथ्या सामन्याचं पान उघडलं आणि दोन रेघा ओढल्या. दुसरीला टोक मोडलं.

"माझ्या एकशे चारची वही आहे अजून?"

"आहे."

"काढ."

खांबने बॅगेची चेन ओढली. शोधावं लागलं नाही. वही सगळ्यात वर होती, घडी घातलेल्या कपड्यांवर, बॅग भरताना अगदी शेवटी ठेवलेली.