गाडीची बाही

लेकीला गाडी घेऊन जा असं मीच सांगितलं होतं, त्यामुळे आता रडायची सोय नव्हती. रविवारी ती येणार आणि अंगणातली ती दोन सीटची लाल, बुटकी, जमिनीला पोट घासत चालणारी गाडी आपल्या गावी घेऊन जाणार. त्याआधी मला एकच हवं होतं. ती गाडी कोपऱ्यावरून वळताना मला स्वयंपाकघरात ऐकू यायला हवी होती. एकदाच, पण जशी हे घेऊन यायचे तशी.

हे जाऊन वर्ष उलटलं. फोटो आहेत, चष्मा आहे, खुंटीवर टोपी आहे. लेकीच्या फोनमध्ये यांचं हसणंसुद्धा आहे. पण मला हवा होता तो आवाज कुणीच टिपून ठेवला नाही, कारण तो रोजचाच होता. आधी घसा बसलेल्या माणसासारखी घोगरी गुरगुर, आणि तिच्यावर एक बारीक शीळ. शीळ ऐकली की मी चहाचं आधण ठेवायचे. मग फाटक वाजायचं, आणि मी मागे न बघताच ओरडायचे, "हात!" कारण हा माणूस काळ्याकुट्ट हातांनी थेट स्वयंपाकघराचा पांढरा पडदा बाजूला करणार हे ठरलेलं. "धुतो गं, धुतो!" म्हणत स्वारी उलट्या पावली अंगणातल्या नळावर जायची. आमच्या सगळ्या संसारात याहून जास्त वेळा झालेलं दुसरं बोलणं नसेल.

मी शिवणकाम करते. गाडीला मी सवत म्हणायचे, आणि सवतीचे कपडे शिवून देणारी जगात मी एकटीच असेन. सीटची कव्हरं माझी, वरचं कापडी छत माझं. एकदा इंजिनाची कुठलीशी नळी तडकली तर तिच्या जागी रबरी कापडाची बाहीसुद्धा मीच शिवून दिली होती. रात्रंदिवस त्या गाडीत डोकं घालून बसता म्हणून भांडायचे, आणि भांडता भांडता टाके घालायचे.

हे आजारी पडले तशी गाडी अंगणात पडून राहिली. नंतर ती गॅरेजमध्ये दिली. गॅरेजवाला कामाला चोख, पण त्याने यांनी घरी बनवून बसवलेलं सगळं एकजात काढून कंपनीचं सामान घातलं. "काकू, सगळं भंगार होतं," म्हणाला, जणू माझ्यावर उपकारच केले. तिथून गाडी घरी आणली ती भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी. मी स्वयंपाकघरात कान टवकारून उभी. कोपऱ्यावर काही नाही, गल्लीत काही नाही, आणि एकदम दारातच हॉर्न. "वहिनी, फाटक!" आजवर त्या फाटकासाठी कुणाला हॉर्न वाजवावा लागला नव्हता. मला इतका राग आला की मी फाटक उघडायला मुद्दाम वेळ लावला.

त्याच दिवशी ठरवलं, यांनी बनवलेलं ते तोंड पुन्हा बनवायचं.

तोंड म्हणजे काय ते सांगते. इंजिन पेट्रोल पितं एवढंच आपल्याला ठाऊक. हे म्हणायचे, ते हवाही खातं, आणि गार हवा त्याला जास्त मानवते. कंपनीच्या नळीचं तोंड इंजिनाशेजारच्या उकाड्यात उघडतं. म्हणून यांनी काचेच्या कापडाचं, म्हणजे फायबरग्लासचं, कर्ण्यासारखं पसरट तोंड घरीच केलं होतं. ते पुढच्या जाळीमागे बसायचं आणि बाहेरची गार हवा आत घ्यायचं. ती गुरगुर त्या कर्ण्यातूनच येत असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कापड बेतायला, कापायला मीच तर असायचे शेजारी. मला येत होतं.

भाऊजींना मी आवाजाचं काही बोलले नाही. या वयात नवऱ्याच्या गाडीच्या आवाजासाठी झुरतेय, हे दिराला कोणत्या तोंडाने सांगू? "लेकीला गाडी नीट करून द्यायचीय," एवढंच म्हटलं. ते लगेच तयार झाले. ते शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे कुठलीही वस्तू मोजायला मिळाली की त्यांना दुसरं काही लागत नाही.

पहिल्याच घासाला खडा लागला. थर्माकोल कोरून मी कर्ण्याचा सुबक आकार केला, त्यावर काचेचं कापड बसवलं आणि ते कडक करणारं चिकट रेझिन फासलं. बघता बघता तो आकार खाली बसायला लागला. रेझिनने थर्माकोल खाल्ला होता, आणि माझ्या हाती उरलं एक चिकट, वाकडं गाठोडं. हे नेहमी थर्माकोलला आधी चिकटपट्टी गुंडाळायचे. मला वाटायचं, टापटिपीची आवड.

"दादाचा पुतळा करायचा होता का?" भाऊजींनी विचारलं.

"तुमचा केला असता, पण नाकालाच कापड पुरलं नसतं," मी म्हटलं.

दुसऱ्या खेपेला चिकटपट्टी गुंडाळली. कापड उरेब, म्हणजे तिरकं कापलं, कारण उरेब कापड वळणावर सुरकुती न पडता बसतं. मग ते इंजिनाच्या नळीवर असो की कुणाच्या गळ्यावर. थरावर थर दिले, ब्रशने ठोकून ठोकून हवेचे बुडबुडे काढले आणि तोंड गच्चीवर उन्हात ठेवलं. हातांना काच लागून अशी खाज सुटली की पोळपाट-लाटणं धरवेना. सुकल्यावर आतला थर्माकोल थिनरने विरघळवून काढला आणि आतली भिंत पॉलिश पेपरने घासत बसले. घासताना यांचे हात आठवत होते. मी काही फार शूर बाई नाही, घासता घासता रडत होते, पण घासणं थांबवलं नाही.

मग भाऊजींच्या परीक्षा सुरू झाल्या. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून त्यांनी फळीवर बसवली आणि तिच्यात निळ्या शाईचं पाणी भरलं. तोंडाला घरातला व्हॅक्यूम क्लीनर जोडला. हवा ओढायला जितका त्रास, तितकं पाणी एका बाजूला चढणार. कंपनीच्या नळीला पाणी चांगलं बोटभर चढलं. माझ्या तोंडाला जेमतेम हललं. भाऊजींनी पट्टी लावून पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून परत एकदा पाहिलं. "वहिनी, पैकीच्या पैकी!"

रस्त्यावरची परीक्षाही झाली. माझा स्वयंपाकघरातला थर्मामीटर तारेने तोंडापाशी बांधला आणि गाडीच्या नाकावर लोकरीचे तुकडे चिकटवले, हवा कुठून जाते ते दिसावं म्हणून. मी भाऊजींच्या शेजारी बसले होते. लोकर जाळीच्या दिशेने शहाण्या मुलीसारखी चापून बसली. थर्मामीटरने बाहेरचंच तापमान दाखवलं. भाऊजी म्हणाले, गाडी इतकी हलकी कधी पळालीच नव्हती. आत बसून काही कळत नाही, मी मनाशी म्हटलं. आवाज घरातूनच ऐकायला हवा.

शनिवारी सकाळी मी त्यांना कोपऱ्यापलीकडे पिटाळलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. नळ बंद केला, पंखा बंद केला. बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, त्याचासुद्धा राग येत होता. मी वाट बघितली, बघितली, आणि दारात हॉर्न वाजला.

"वहिनी, फाटक!"

मी गेलेच नाही. भाऊजींनीच उतरून फाटक उघडलं. आत आले तेव्हा मी खाली फरशीवर बसले होते.

"काय झालं? अहो, झकास चालतेय गाडी."

"मला ती नुसती चालायला नको आहे!" मी ओरडले. "मला ती ऐकायचीय. हे घेऊन यायचे तसा आवाज हवाय मला. उद्या गाडी जाईल आणि मग कधीच..."

भाऊजी दाराला टेकून उभे राहिले.

"ती शीळ ना?" त्यांनी विचारलं. "ती या तोंडाची नव्हती, वहिनी. ती तुमच्या बाहीची होती."

"माझ्या?"

"तुम्ही रबरी कापडाची बाही शिवलीत ना, फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारी? दुहेरी शिलाई मारलीत. इंजिन ओढायला लागलं की सुईच्या भोकांतून हवा घुसायची, ती शीळ. आणि कापड थरथरायचं, ती गुरगुर."

"म्हणजे माझ्या टाक्यांतून हवा गळत होती? आणि मला कुणी बोललं नाही?"

"मी दादाला बोललो होतो, एकदा नाही, अनेकदा. फिल्टरच्या पुढे भोकं म्हणजे गाळलेल्या पाण्यात वरून माती टाकण्यासारखं, इंजिन धूळ खातंय, म्हटलं. त्याला कळत नव्हतं का? चांगली नवी रबरी नळी आणून ठेवली होती त्याने. कपाटात पडून होती."

"मग लावली का नाही?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "म्हणाला, राहू दे. त्या आवाजावर ती चहा ठेवते."

इंजिनात धुळीचा कण गेला तर ज्याला रात्रभर झोप लागायची नाही, तो माणूस. माझ्या चहासाठी त्याने त्या इंजिनाला वर्षानुवर्षं धूळ चारली. आणि मी त्या गाडीला सवत म्हणत होते.

पेटीत तेच रबरी कापड उरलं होतं. मशीनला नवी बारीक सुई लावणार होते, मग हात मागे घेतला आणि जुनी जाड सुई शोधली. आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या कपड्यावर सुईचं भोक दिसू नये म्हणून जीव टाकला, आणि आता भोकं मोठी पडावीत म्हणून डोळ्यांत तेल घालून शिवत होते. दुहेरी शिलाई मारली, आत तारेची कडी घातली, दोन्ही तोंडांना पट्टी दुमडली. भाऊजींनी बाही बसवली.

"एकदाच," मी त्यांना म्हटलं. "मग काढून टाका आणि यांची कपाटातली नळी लावा. माझ्या लेकीच्या इंजिनात धूळ नको."

"बरं," ते म्हणाले, आणि गेले.

मी ओट्यापाशी उभी राहिले. यावेळी पंखा चालूच ठेवला, नळसुद्धा ठिबकत होता. तेव्हाही ठिबकायचाच.

आणि कोपऱ्यावर आवाज आला. घोगरा, घसा बसलेला, आणि वर ती शीळ. मी काही ठरवलं नाही, काही आठवलंही नाही. हात आपसूक पातेल्याकडे गेला, पाणी ओतलं, गॅस पेटला. दोघांचं आधण. गुरगुर गल्लीत शिरली, जवळ आली, फाटकाशी येऊन थांबली. फाटक वाजलं. अंगणात पावलं वाजली, पडद्यापाशी आली.

"हात!" मी ओरडले.

पडद्याबाहेर पावलं थांबली. गॅसचा आवाज तेवढा येत होता. मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले, आणि कुणाला. मी ओटा घट्ट धरला. मागे वळून बघायची माझी हिंमत नव्हती.

पावलं उलटी फिरली. अंगणातला नळ सुरू झाला. भाऊजी हात धूत होते, सावकाश, साबण लावून, मनगटापर्यंत. हात स्वच्छच होते त्यांचे. बाही बसवल्यावर माझ्यासमोरच तर धुतले होते.

"धुतो, वहिनी," ते तिथूनच म्हणाले. "धुतो."