जागलीची रजई

अब्बा गेले तो १९५८चा हिवाळा. तिसऱ्या दिवसाची फातेहा झाली आणि त्यांचे धाकटे भाऊ, रहमतचाचा, महागावच्या आमच्या दुकानात पुन्हा कापूस पिंजायला बसले. मी पुसदला शाळेत शिकवत होते, तिथून रजा काढून आले होते. अम्मा इद्दतीत, नवऱ्यामागे विधवेनं पाळायच्या मुदतीत, होती. परक्या पुरुषांसमोर तिला येता येत नव्हतं, म्हणून दुकान आणि घर यांच्यामधल्या पडद्याआडून बोलायची.

अब्बा एकच वस्तू करत. शेतात रात्री जागल करणाऱ्यांसाठी रजई. पातळ, टाके जवळजवळ, लांबीला जेमतेम गुडघ्यापर्यंत. कोणी लग्नाची गादी मागितली तर त्याला यवतमाळला धाडत. नवं काही सुचवलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "कोणासाठी?" मला तो हट्ट वाटायचा.

शेवटच्या आजारपणात त्यांच्या अंगावर तीच रजई होती. मी ती पायांवर ओढली की छाती उघडी पडायची, छातीवर घेतली की पाय. त्यांचे पाय फार गार होते.

म्हणून यंदाच्या रजया मी लांब करायला सांगितल्या. चाचा खूश झाले. कापूस भरताना हात आखडणं आम्हा पिंजाऱ्यांत कमीपणाचं. त्यांनी मन लावून भरला. रजया फुगून ढगासारख्या झाल्या आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांवर गेल्या.

व्यापारी देवीलाल शेठ यवतमाळहून आले तेव्हा मी दुकानातच होते. त्यांना लग्नसराईसाठी गाद्या, उशा, लोड, सगळं आमच्याकडून करून हवं होतं.

"रजई म्हणजे दोन महिन्यांचा धंदा," ते म्हणाले. "लग्नं काय थांबतात का? बाजारात काम आहे, दुपारच्या गाडीनं परत जातो. तोवर हो-नाही सांगा."

ते गेल्यावर चाचा पडद्याकडे वळले. "भाभी, हो म्हणा. माझ्या घरात खाणारी तोंडं हायेत."

"सईदाले विचारा," अम्मा आतून म्हणाली. "बापाचं दुकान तिनंच लांबरुंद करून ठेवलं."

मला थकवा आला होता. हो म्हणून टाकावं आणि पुसदला परत जावं, एवढंच डोक्यात होतं. पण हो म्हटलं की अब्बांचं दुकान इतर दुकानांसारखं एक दुकान होणार, हेही दिसत होतं.

तेवढ्यात फुलसिंगकाका आले. जवळच्या तांड्यावरचे, अब्बांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी खांद्यावरची नवी रजई दुकानाच्या बैठकीवर टाकली.

"हे परत घे बेटी."

"काहून? फाटली का?"

"फाटली असती तं बरं झालं असतं. मचाणावर अंगावर घेतली अन् सासरवाडीले आल्यासारखा झोपलो. सकाळी पाहतो तं डुकराईनं अर्धी ज्वारी लोळवलेली. माझी बायको रुपीबाई म्हणते, आता डुकराईलेच रजई दे, ते जागल करतीन."

चाचा हसले.

"तुह्या अब्बाची, बशीरभाईची रजई कशी," फुलसिंगकाका म्हणाले, "पाठ गरम, पाय थंडे. डोळा लागला की पायच उठवत."

मी रजईवरून हात फिरवला. किती मऊ झाली होती. जागणाऱ्या माणसासाठी केलेल्या वस्तूखाली मी अब्बांना निजवलं होतं, आणि निजणाऱ्या माणसाची वस्तू तांड्यावर पाठवली होती.

दुपारी देवीलाल शेठ आले. मी नाही म्हटलं.

"कारण?"

"गाद्या यवतमाळला चांगल्या होतात. ही जागलीची रजई कोणी करत नाही."

"तेवढ्यावर दुकान चालेल?"

"पुसदच्या, दिग्रसच्या तांड्यांवरही जागल करतातच. आजवर आम्ही तिकडे गेलो नाही. आता चाचा जातील."

शेठ मान हलवून गाडीकडे गेले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मीच जाईन म्हणे," ते पुटपुटले, आणि जरा वेळानं कात्री घेऊन बसले.

तांड्यांवरून रजया परत आणल्या. आम्ही टाके उसवत होतो, कापूस काढत होतो, पायाकडची बाजू कापत होतो. माझी बोटं दुखत होती. सगळ्या झाल्या, एक उरली. मी तिला कात्री लावणार तोच पडदा हलला.

"ते राहू दे," अम्मा म्हणाली. "मले झोपाचं आहे."

मी ती रजई पडद्याखालून आत सरकवली.