उपाशी वाफा

बाग व्हायच्या आधी फ्लेक्स आला. दोन माणसांनी शिडी लावून तो शाळेच्या मागच्या भिंतीवर टांगला, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की ज्या बागेचा तो डंका पिटतोय त्या बागेपेक्षा तोच मोठा आहे. ‘शाश्वत शेती, चिमुकल्या हाती.’ उजव्या कोपऱ्यात संस्थेचे अध्यक्ष बत्तीशी दाखवत होते, डाव्या कोपऱ्यात कृषी विद्यापीठाचे सर. मधे कुणा गुटगुटीत पोराच्या ओंजळीत हिरवंगार रोप. ते पोर या शाळेतलं नव्हतंच, इंटरनेटवरून उचललेलं होतं. खालची जमीन मात्र होती तशीच: विटांचे तुकडे, बाटल्यांची झाकणं आणि एक बिनपायाची खुर्ची.

“झालं,” कुदळ म्हणाली. “आता बाग नाही केली तरी चालेल.”

कुदळ म्हणजे विद्यापीठातली शेवटच्या वर्षाची मुलगी. हे नाव वर्गातल्या पोरांनी ठेवलेलं, कारण ती तोंड उघडायची ते थेट समोरच्याच्या पायावर पडायचं. तिच्याबरोबर आलेला बांबू तिचाच वर्गमित्र. उंचीला अफाट, कामाला बरा आणि गप्प बसायला अगदी नालायक.

“अगं, सरांचा फोटो काय झकास आलाय,” बांबू म्हणाला.

“बागासुद्धा फोटोतच झकास येतात.”

तिच्या रागाला कारण होतं. आदल्या वर्षी तिने दुसऱ्या एका शाळेत अशीच बाग लावली होती. फोटो निघाले, टाळ्या पडल्या, विद्यापीठाची पोरं घरी गेली. पुढे कधीतरी ती सहज त्या रस्त्याने गेली, तर तिच्या टोमॅटोंच्या जागी पेव्हर ब्लॉक आणि ब्लॉकवर मोटारी. एका चाकाशेजारी अर्धी मोडलेली पाटी पडली होती: ‘मला पाणी घाला.’ कुदळ तिथेच रस्त्यात रडली आणि वर डोळ्यात कचरा गेला म्हणाली.

इथेही घाट तोच होता. अध्यक्षांना या मागच्या जागेत गाड्या लावायच्या होत्या. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, यांनी हातापाया पडून एक हंगाम मागून घेतला होता. “एक पीक काढा,” अध्यक्षांनी बजावलं होतं, “आणि या खटाटोपाने काय फरक पडतो ते माझ्या डोळ्यांना दाखवा. फरक दिसला तर बाग. नाही दिसला तर ब्लॉक.”

आता फरक दाखवा म्हटल्यावर शेतकी शिकलेल्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते. दोन वाफे करायचे. माती तीच, बी तेच, पाणी तेवढंच. एकाला खत घालायचं, दुसऱ्याला काहीसुद्धा घालायचं नाही. मग दोन्हीकडचे मुळे उपटून शेजारी शेजारी ठेवायचे आणि आपण गप्प उभं राहायचं.

दुसरीच्या वर्गाने नुसती धमाल उडवली. त्यांनी विटा वेचल्या, खड्डा खणवून घेतला, त्यात पाला, फळांची सालं, अंड्यांची टरफलं आणि शिक्षकांच्या चहाचा चोथा कुजवला. एका पोराने गांडूळ खिशात घालून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने येऊन कुदळीला जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही. आणि एक दिवस खड्ड्यातून काळंभोर, भुसभुशीत खत निघालं. पोरांनी त्याचा वास घेतला आणि “मातीचाच येतोय!” म्हणून बोंब ठोकली.

एका वाफ्यात खत मिसळलं. दुसऱ्याभोवती दोरी बांधली आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी ठोकली.

“हा पोटभरू,” बांबूने ओळख करून दिली, “आणि हा आपला उपाशी.”

पोरं हसली. एक नाही हसली. तिचे पुढचे दात पडले होते, म्हणून तिला सगळे बोळकी म्हणायचे.

“त्याने काय केलं?” तिने विचारलं.

“कुणी गं?” कुदळ म्हणाली.

“या वाफ्याने.”

“काहीच नाही केलं.”

“मग त्याला उपाशी का ठेवायचं?”

“अगं, तो प्रयोग आहे. काही दिलं नाही तर काय होतं, ते बघायचं.”

“मला माहितीये काय होतं,” बोळकी म्हणाली. “रडू येतं.”

कुदळीने “चला, झाऱ्या भरा पटापट” म्हणत विषय टोलवला. इथेच तिचं चुकलं. इतकी वर्षं पुस्तकं घोकून तिला मुळ्याच्या मुळांचं सगळं कळत होतं. पण सात वर्षांच्या माणसासमोर एखाद्याला उपाशी म्हणायचं, वर त्याला दोरी बांधून एकटं बसवायचं, याने काय होतं ते तिच्या एकाही पुस्तकात नव्हतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांना पोरं नसावीत.

कुदळ आणि बांबू आठवड्यातून एकदा यायचे. सुरुवातीला पोटभरू पुढे होता. मग उपाशीने डोकं वर काढलं. मग त्याची पानं पोटभरूच्या पानांना टक्कर द्यायला लागली.

“बियाणं बदललं का रे?”

“एकाच पुडीतलं आहे.”

“मग पाणी कुठून झिरपत असेल.”

“आणि ते खड्ड्यातलं उरलेलं खत बघ,” बांबू म्हणाला. “अर्ध्यावर आलंय. उंदीर असेल.”

“उंदीर खत खातो होय रे?”

“विद्यापीठातला असेल.”

कुदळीला हसू आलं नाही.

शेवटच्या दिवशी सगळे जमले. अध्यक्ष आले, सर कॅमेरावाल्याला घेऊन आले, आईबाप, आज्या, आजोबा दोरीपाशी दाटीवाटीने उभे राहिले. दुसरीच्या पोरांनी वाफ्यांत उड्या टाकल्या आणि मुळे उपटले. पोटभरूचे मुळे झकास होते. उपाशीचे त्याहून काकणभर सरस होते. एकाला तर दोन पोरं लोंबकळली तेव्हा तो निघाला, आणि दोघंही पाठीवर आपटली.

अध्यक्षांनी इकडचा मुळा पाहिला, तिकडचा पाहिला.

“खत कुठल्याला घातलं होतं म्हणालात?”

कुदळीने बोट दाखवलं.

“आणि हे बिनखताचे? म्हणजे तुमच्या खतावाचून काही अडत नाही.” त्यांनी हात झटकले. “बाई, झालं की मग. आपलं बोलणं ठरलंय.”

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. सर कुदळीच्या कानाशी आले. “ही पाटी तिकडच्या वाफ्यात लाव,” ते पुटपुटले. “मी त्यांना तिकडे चहाला नेतो. दोन मिनिटांचं काम. बोट चुकून दाखवलंस म्हणू.”

खोटं कशाला बोला, कुदळीला ते पटलं. तिच्या डोळ्यांसमोर ते चाक आलं, ती मोडकी पाटी आली. एक पाटी इकडची तिकडे केली की ही बाग वाचत होती, आणि कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. सर अध्यक्षांना घेऊन वळले. तिने उपाशीची पाटी धरली आणि उपटली.

पाटीच्या टोकाला केळ्याचं साल अडकून आलं.

तिने गुडघे टेकले आणि खुरप्याने माती उकरली. अंड्याची टरफलं. चहाचा चोथा. भाताचा वाळका गोळा. अर्धं बिस्किट. आणि सगळीकडे ते काळंभोर, भुसभुशीत खत.

“कुणी केलं हे?”

पोरं आपापल्या पायांकडे बघायला लागली. शेवटी बोळकी पुढे आली.

“आम्ही सगळ्यांनी. डब्यातलं.”

“आणि खड्ड्यातलं खत?”

“ते पण. रोज नाही काही! त्याला भूक लागली की.”

“त्याला भूक लागली ते कसं कळायचं?”

“आम्हाला लागायची तेव्हा.”

आज्यांपैकी एक पदराआड फिसकन हसली, आणि मग सगळ्या गर्दीलाच हसू फुटलं. अध्यक्ष अर्ध्या वाटेवरून परतले. कुदळ हातात पाटी घेऊन उभी राहिली.

“साहेब, आमचा प्रयोग फसला,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. सरांनी डोळे मिटले. “साफ फसला. बिनखताचा वाफा मी तुम्हाला दाखवू शकत नाही, कारण तो इथे नाहीच. तुमच्या शाळेतल्या पोरांनी ठेवला नाही. मी शिकवलेलं खत त्यांनी मला न विचारता उचललं, आणि ज्याला मी उपाशी ठेवलं त्याला घातलं.”

इथे अध्यक्ष विरघळले असतील असं कुणाला वाटत असेल तर त्याने अध्यक्ष पाहिलेले नाहीत.

“गोड आहेत पोरं,” ते म्हणाले. “पण मला फरक दिसला नाही. ठरलं ते ठरलं.”

कुदळीने भिंतीकडे पाहिलं. अध्यक्ष तिथेही होतेच, बत्तीशी दाखवत. आणि तिला एकदम त्या फ्लेक्सबद्दल आयुष्यात पहिल्यांदा माया वाटली.

“सर,” ती गोड आवाजात म्हणाली. तिचा गोड आवाज बांबूने कधी ऐकला नव्हता, तो दचकला. “फोटो राहिलाच की!”

फोटो म्हटल्यावर सर खुलले. मिनिटात पोरं पुढे बसली, अध्यक्ष मधे उभे राहिले. तो दांडगा मुळा कुदळीने त्यांच्या हातात दिला. “जरा वर धरा, साहेब. मागे फ्लेक्सवरचे तुम्ही पण येऊ द्या.” आईबापांचेही फोन वर झाले.

“आणि ब्लॉक कधी टाकताय?” कुदळीने विचारलं. “फोटोखाली तारीख घालू. लोकांनाही कळेल, ही बाग किती दिवस होती ते.”

कुणीच फोन खाली केला नाही. अध्यक्षांनी हातातल्या मुळ्याकडे पाहिलं, पायाशी बसलेल्या पोरांकडे पाहिलं, मग मान वळवून भिंतीवरच्या स्वतःकडे पाहिलं.

“ब्लॉक?” ते म्हणाले. “कोण म्हणालं ब्लॉक? बाई, गाड्या पुढे लावता येतात की आपल्याला.”

“येतात ना!” मोठ्या बाई इतक्या जोरात म्हणाल्या की कॅमेरावाल्याचा हात हलला.

माणसं पांगल्यावर सर कुदळीला म्हणाले, “तुझ्या प्रोजेक्टचं आता मी काय करू?” ती म्हणाली, “नापास करा,” आणि उपाशीतली माती परत सारखी करायला बसली. बांबू फ्लेक्सची सुटलेली दोरी घट्ट करत होता. त्याला तिनेच चढवलं होतं.

बोळकी शेजारी येऊन उकिडवी बसली. खुरप्याखाली काहीतरी पांढरं चमकलं. कुदळीने ते उचलून तळहातावर घेतलं. दात होता.

“हा तुझा?”

बोळकीने मान डोलावली.

“हा कशाला घातलास गं? याचं काही खत होत नाही.”

“खत नाही काही,” बोळकी म्हणाली. “एवढं सगळं दिलं त्याला. चावणार कशाने?”

कुदळीने दात होता तिथे परत ठेवला आणि वरून माती लोटली.